लिनक्सवर गेम: अडतं कुठे, आणि आवाज जातो कुठे?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित देखभाल थांबवली. घरगुती वापरणाऱ्यांनी नोंदणी केली तर सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, पण ती नुसती मुदतवाढ. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. इंदुरात जेल रोडवरून घेतलेले रिफर्बिश्ड लॅपटॉप आणि घरोघरी टेबलाखाली बसवलेले असेंबल केलेले पीसी पाहिले, तर त्यांतले कित्येक चौथ्या नाहीतर सहाव्या पिढीचे निघतात. मशीन ठणठणीत, पण विंडोज ११ त्यांना दारात उभं करत नाही.

मग कुणीतरी सुचवतं, विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम, त्यातही तिची 'मिंट' ही आवृत्ती, टाकून बघा. घरातली मोठी माणसं खूश होतात, कारण ब्राउझर, पीडीएफ, बँकेचं काम सगळं नीट चालतं. दहावीतल्या चिरंजिवांचा प्रश्न मात्र एकच: "भिया, गेम चलेगा क्या?" आणि गेम एकदाचा चालला की लगेच दुसरा: "आवाज का येत नाहीये?"

दोन्ही प्रश्नांना लोक सरसकट "लिनक्सचं असंच असतं" म्हणून मोकळे होतात. तसं नसतं. गेम पडद्यावर येईपर्यंत आणि आवाज कानापर्यंत पोचेपर्यंत मध्ये तीन-चार थर असतात आणि बिघाड बहुतेक वेळा त्यातल्या एकाच थरात असतो. कुठल्या, ते आधी ओळखायचं. इंटरनेटवर सापडलेल्या आज्ञा एकामागून एक टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ओतणं हा त्यानंतरचा, आणि शक्यतो टाळण्याचाच, उद्योग.

विंडोजसाठी बनवलेला गेम इथे चालतो तरी कसा?

गेमच्या फाइलमध्ये मुख्यतः प्रोसेसरला दिलेल्या सूचना असतात. प्रोसेसर तोच आहे, त्यामुळे त्या सूचना लिनक्सवरही जशाच्या तशा चालू शकतात. अडचण वेगळीच असते. गेम सतत विंडोजकडे काहीतरी मागत असतो: ही फाइल उघड, ही खिडकी काढ, हा आवाज वाजव. लिनक्समध्ये त्या मागण्या ऐकायला विंडोज नसतं.

ती जागा 'वाइन' नावाचं सॉफ्टवेअर घेतं. १९९३ पासून त्यावर काम चालू आहे. गेमने विंडोजला घातलेली हाक वाइन ऐकतं आणि लिनक्सकडून ते काम करवून घेतं. यात दुसऱ्या कॉम्प्युटरची नक्कल करायची नसते, म्हणूनच वेग फारसा पडत नाही.

चित्राचा भाग मात्र जड होता. विंडोजचे बहुतेक गेम ग्राफिक्स कार्डाशी 'डायरेक्ट-थ्री-डी' या पद्धतीने बोलतात आणि ती पद्धत मायक्रोसॉफ्टची. २०१६ मध्ये 'व्हल्कन' ही सर्वांना खुली असलेली पद्धत आली आणि रस्ता मोकळा झाला. डीएक्सव्हीके नावाचं एक सॉफ्टवेअर डायरेक्ट-थ्री-डीच्या मागण्या जागच्या जागी व्हल्कनमध्ये बदलतं. डायरेक्ट-थ्री-डी १२ साठी त्याचंच वेगळं भावंड आहे.

स्टीम हे गेमचं दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने ऑगस्ट २०१८ मध्ये हे सगळे तुकडे एकत्र बांधून 'प्रोटॉन' म्हणून दिले. त्यात परोपकार नव्हता. कंपनीला विंडोजवर अवलंबून राहायचं नव्हतं, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेलं त्यांचं स्टीम डेक हे हातात धरून खेळायचं यंत्र लिनक्सवरच चालतं. त्या यंत्रासाठी झालेल्या मेहनतीचा फायदा आपल्या जुन्या लॅपटॉपला फुकट मिळतो.

करायचं एवढंच: स्टीम बसवा, सेटिंग्जमध्ये 'कम्पॅटिबिलिटी' उघडा, सर्व गेमसाठी प्रोटॉन वापरायची खूण नसेल तर करा. नंतर गेम विंडोजवर बसवता तसाच बसवायचा. एपिक किंवा जीओजी या दुसऱ्या दुकानांतून घेतलेल्या गेमसाठी 'हिरोइक' हा वेगळा लाँचर आहे. एपिकवर अधूनमधून फुकट मिळालेल्या गेमची रास असणाऱ्यांना तो विशेष उपयोगी.

म्हणजे सगळे गेम चालतात?

नाही. आणि न चालण्याचं मुख्य कारण आज तांत्रिक कमी आणि गेम काढणाऱ्या कंपनीच्या मर्जीचं जास्त आहे. हा मुद्दा नीट समजून घ्या, कारण मशीनवर लिनक्स टाकायचं की नाही हे बरेचदा यावरच ठरतं.

एकट्याने खेळायचे बहुतेक गेम आता प्रोटॉनवर चालतात. द विचर ३, रेड डेड रिडेम्प्शन २ यांसारखे अवजड गेमही, अर्थात मशीनमध्ये तेवढा दम असेल तर. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ यांच्या तर थेट लिनक्सच्याच आवृत्त्या आहेत, तिथे प्रोटॉनची गरजच नाही. माइनक्राफ्टची जावा आवृत्तीही थेट चालते.

अडतं ते ऑनलाइन स्पर्धेच्या गेममध्ये, आणि अडवतं 'अँटी-चीट'. कुणी लबाडीचं सॉफ्टवेअर लावून भिंतीआडचा शत्रू पाहत नाही ना, यावर नजर ठेवणारा हा पहारेकरी. त्यातले काही पहारेकरी थेट कर्नलमध्ये बसतात. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, जिथून सगळं दिसतं. व्हॅलोरंटचा 'व्हॅनगार्ड' विंडोजच्या गाभ्यात बसतो. वाइनला विंडोजचा गाभाच नसतो, त्यामुळे व्हॅनगार्डला बसायला जागा मिळत नाही आणि गेम सुरू होत नाही. लीग ऑफ लेजेंड्सलाही २०२४ मध्ये हाच पहारेकरी लागला आणि लिनक्सवाल्यांचा तोही गेम गेला.

पण 'ईझी अँटी-चीट' आणि 'बॅटलआय' या दोन मोठ्या पहारेकऱ्यांनी २०२१ मध्येच प्रोटॉनवर चालायची सोय केली आहे. ती सोय आपल्या गेमसाठी चालू करायची की नाही, हे गेमच्या कंपनीने ठरवायचं. एल्डन रिंगमध्ये ईझी अँटी-चीट आहे आणि तो लिनक्सवर ऑनलाइन चालतो. फोर्टनाइट काढणाऱ्या एपिकचंच ते अँटी-चीट, पण फोर्टनाइट लिनक्सवर चालत नाही. एपेक्स लेजेंड्स आधी चालत होता, मग ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस कंपनीने लिनक्सवरून प्रवेश बंद केला. लिनक्सच्या आडून लबाडी करणारे फार झाले, हे त्यांचं कारण. जीटीए ५ ची कथा एकट्याने खेळता येते, पण सप्टेंबर २०२४ मध्ये बॅटलआय आल्यापासून त्याचं ऑनलाइन बंद आहे. त्याच पहारेकऱ्याचे दुसऱ्या कंपन्यांचे काही गेम मात्र लिनक्सवर सुरळीत चालतात.

म्हणून "लिनक्सवर गेम चालतात का" असं विचारण्यापेक्षा "माझे तीन-चार गेम चालतात का" असं विचारा. 'प्रोटॉनडीबी' या संकेतस्थळावर गेमचं नाव टाकलं की वापरणाऱ्यांचे अनुभव वाचायला मिळतात. तिथे बिल्ल्याच्या रंगावर न जाता अलीकडच्या महिन्यांतले शेरे वाचावेत. दोन वर्षांपूर्वीचा "मस्त चालतो" आज बिनकामाचा असू शकतो.

फोनवरचा बीजीएमआय किंवा फ्री फायर पीसीवर ब्लूस्टॅक्समध्ये खेळणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, ब्लूस्टॅक्सची लिनक्स आवृत्ती नाही. घरात तेवढंच खेळलं जात असेल, किंवा सगळी मित्रमंडळी व्हॅलोरंटवर असेल, तर त्या मशीनवर विंडोजचं एक पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा भाग, ठेवा. पोराला तत्त्वज्ञान ऐकवून काही उपयोग होत नाही.

जुन्या मशीनवर हे कितपत जमतं?

इथे व्हल्कन आडवं येतं. इंटेलच्या सहाव्या पिढीपासूनच्या अंगभूत ग्राफिक्सना व्हल्कन व्यवस्थित जमतं. चौथ्या पिढीत ते अर्धवट आहे, त्यामुळे तिथे प्रोटॉनच्या नव्या आवृत्त्या हटून बसतात. एनव्हिडियाच्या जीटीएक्स ६०० आणि ७०० मालिकेतल्या बऱ्याच जुन्या कार्डांचंही तसंच: त्यांचा शेवटचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) व्हल्कन १.२ वर थांबला आणि डीएक्सव्हीकेला २०२२ च्या अखेरीपासून १.३ लागतं. अशा मशीनवर गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन प्रोटॉनची जुनी, सातवी आवृत्ती निवडली की बरेच जुने गेम उठतात.

एएमडी आणि इंटेलचे ग्राफिक्स ड्रायव्हर लिनक्ससोबतच येतात, वेगळं काही करू नये. एनव्हिडियाचा कंपनीचा ड्रायव्हर मिंटच्या 'ड्रायव्हर मॅनेजर'मधूनच घ्यावा. कंपनीच्या साइटवरून फाइल उतरवून बसवणं ही विंडोजची सवय आहे, इथे ती पुढच्या कर्नल अपडेटला नडते.

आणखी एक नेहमीची चूक: विंडोजच्या 'डी' ड्राइव्हवर आधीच ८० जीबीचा गेम पडलेला असतो, तोच लिनक्समधून चालवावा असं वाटतं. तो ड्राइव्ह एनटीएफएस पद्धतीचा असतो. प्रोटॉनला लागणारी काही फाइलनावं आणि जोडण्या तिथे धड बसत नाहीत. गेम सुरू होतो न होतो तोच बंद पडतो आणि दोष जातो प्रोटॉनला. गेम लिनक्सच्या पार्टिशनवर हलवा.

मध्ये एवढे थर, मग गेम रखडत नाही?

थोडाफार फरक पडतो, कधी इकडे कधी तिकडे. सुरुवातीच्या काही मिनिटांत झटके बसतात, कारण ग्राफिक्स कार्डासाठीचे छोटे प्रोग्राम, ज्यांना शेडर म्हणतात, ते तेव्हा तयार होत असतात. स्टीम ते आधीच तयार करायला घेतं आणि पडद्यावर टक्केवारी दाखवतं. ती घाईने 'स्किप' करू नये, बस.

आता आवाज: तो कुठल्या वाटेने येतो?

तळाला कर्नलमध्ये 'अल्सा' असतं. त्याचं काम साउंड कार्डाशी बोलणं. त्याच्या वर एक वाटाडा लागतो, कारण गेम, ब्राउझर आणि खेळताना मित्रांशी बोलायचं डिस्कॉर्ड हे ॲप एकाच वेळी आवाज पाठवतात. ते एकत्र करून कुठल्या स्पीकरला द्यायचे हे कुणीतरी ठरवायला हवं. पूर्वी ते काम 'पल्सऑडिओ' करायचं. २००७-०८ च्या सुमारास ते कच्चं असतानाच अनेक लिनक्समध्ये घुसवलं गेलं आणि लिनक्सच्या आवाजाची जी बदनामी झाली ती अजून पुरती धुतली गेलेली नाही. आता त्या जागी 'पाइपवायर' आहे. लिनक्सच्या आवृत्त्यांपैकी फेडोराने ते २०२१ मध्ये घेतलं, उबुंटूने २०२२ च्या ऑक्टोबरात, आणि मिंटने २०२४ च्या २२ व्या आवृत्तीत. पाइपवायर पल्सऑडिओची बोली बोलतं, त्यामुळे जुनी साधनं त्यावरही चालतात.

या इतिहासाचा व्यवहारात एक उपयोग आहे. इंटरनेटवर "पल्सऑडिओ काढून टाका" असा बारा-पंधरा वर्षांपूर्वीचा सल्ला अजून फिरतो. तो आज पाळला तर सोबत डेस्कटॉपचेच, म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या-मेनूंच्या व्यवस्थेचेच, तुकडे उपटून निघू शकतात. २०२१ मध्ये लिनस सेबॅस्टियन या प्रसिद्ध यूट्यूबरने पॉप ओएस या लिनक्सवर टर्मिनलमधून स्टीम बसवताना स्क्रीनवरचा इशारा ओलांडून होकार दिला आणि अख्खा डेस्कटॉप गेला. मूळ चूक त्या पॅकेजमध्ये होती, पण इशारा पडद्यावर स्पष्ट लिहिलेला होता.

आवाज अजिबात नाही. सुरुवात कुठून?

सेटिंग्जमध्ये 'साउंड' उघडून चाचणीचा आवाज वाजवा. या एका कृतीने प्रश्न दोन भागांत तुटतो. तो आवाज आला, तर अल्सा, पाइपवायर, स्पीकर सगळं ठीक आहे आणि दोष गेमच्या बाजूला आहे. नाही आला, तर गेमला हातच लावायचा नाही.

चाचणीचा आवाज येत नसेल तर आधी बघा, 'आउटपुट'मध्ये काय निवडलंय. एचडीएमआय केबलने मॉनिटर जोडला की पुष्कळदा आवाजही त्या केबलमधून मॉनिटरला जातो, आणि मॉनिटरला स्पीकर नसतात. माझ्या पाहण्यातली "आवाज गेला"ची बहुसंख्य प्रकरणं इथेच मिटतात. आउटपुट बदला, काम संपलं.

त्यानंतर टर्मिनल उघडून अल्सामिक्सर चालवा (इंग्रजीत, लहान अक्षरांत, सलग). उभे पट्टे दिसतील. एफ-६ ने खरं साउंड कार्ड निवडा. एखाद्या पट्ट्याखाली दोन एम दिसले तर तो मुका आहे, त्यावर जाऊन एम दाबा. 'ऑटो-म्यूट' हा पट्टाही बघा. कॅबिनेटच्या पुढच्या भोकात हेडफोनची पिन घुसलेली राहिली की मागचे स्पीकर तो आपोआप बंद करतो. कधी पिन नसतानाही तसंच समजून बसतो. असेंबल केलेल्या पीसीत हा प्रकार फार.

साउंड सेटिंग्जमध्ये कार्डाच्या नावाऐवजी 'डमी आउटपुट' दिसत असेल तर गोष्ट वेगळी. पाइपवायरला कार्ड सापडलेलंच नाही, म्हणजे दोष तळाला आहे. कधी लॉगआउट करून परत आलं की ते सापडतं. नवीन लॅपटॉपमध्ये मात्र आवाजासाठी वेगळी चिप असते आणि तिला 'साउंड ओपन फर्मवेअर' लागतं. ते पॅकेज नसेल किंवा कर्नल जुना असेल तर कार्ड दिसत नाही. मिंटच्या अपडेट मॅनेजरमधून नवा कर्नल घेणं हा इथला पहिला उपाय. म्हणजे लिनक्समध्ये आवाजाचा खरा त्रास कोऱ्या करकरीत लॅपटॉपला जास्त होतो, जुन्याला कमी. त्यामुळे विंडोज पुसण्याआधी पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून बघताना नुसतं वाय-फाय तपासू नका, एक गाणंही वाजवा.

यूट्यूबला आवाज येतो, गेमलाच नाही

गेम चालू ठेवा आणि बाजूला 'पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल' उघडा. मिंटमध्ये तो सॉफ्टवेअर मॅनेजरमधून मिळतो. 'प्लेबॅक'मध्ये गेमची वेगळी ओळ दिसेल. ती मुकी असेल किंवा भलत्याच आउटपुटला जोडलेली असेल तर तिथेच सुधारा. ही निवड लक्षात ठेवली जाते, त्यामुळे महिन्यापूर्वी चुकून मुका केलेला गेम आजही मुकाच उघडतो.

ओळ दिसते, तिच्याखालचा पट्टा हलतो, तरी ऐकू येत नाही? मग आउटपुट चुकीचं आहे. ओळच नाही? मग गेम आवाज पाठवतच नाहीये. प्रोटॉनची दुसरी आवृत्ती लावून पाहा. गेममध्ये बाकी आवाज आहे पण मधले चित्रफितीचे प्रसंग मुके किंवा काळे जातात, हा प्रकार व्हिडिओच्या फॉरमॅटचा असतो. त्यासाठी स्वयंसेवकांनी बनवलेली 'जीई-प्रोटॉन' आवृत्ती बरेचदा कामी येते.

आवाज येतो, पण तडतडतो

इंदुरात नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, म्हणून घरोघरी गच्चीवर टाकी असते. टाकी लहान असली आणि पाणी यायला जरा उशीर झाला की नळ फसफसतो. टाकी मोठी असली तर नळ अखंड चालतो, पण आज आलेलं ताजं पाणी तुमच्यापर्यंत उशिरा पोचतं, कारण आधीचं संपावं लागतं.

आवाजाचीही अशीच टाकी असते, तिला 'बफर' म्हणतात. गेम तिच्यात आवाजाचे तुकडे भरतो, साउंड कार्ड ते ठरल्या वेगाने काढून घेतं. सेकंदाला ४८,००० तुकडे जातात आणि बफर १,०२४ तुकड्यांचा असला, तर साठा सुमारे २१ मिलिसेकंदांचा. तो २५६ चा केला तर पाच मिलिसेकंदांचा. जुना प्रोसेसर गेमच्या गर्दीत तेवढ्या वेळात पुढचे तुकडे देऊ शकला नाही की बफर रिता होतो आणि तडतड ऐकू येते. म्हणजे स्पीकर फाटलेले नसतात, ड्रायव्हरही बिघडलेला नसतो. साठा कमी पडतोय.

स्टीममध्ये त्या गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये 'लाँच ऑप्शन्स' अशी चौकट आहे. तिथे फोनवर सांगावं तसं सांगतो: मोठ्या अक्षरांत पल्स, अंडरस्कोर, लेटन्सी, अंडरस्कोर, एमसेक, मग बरोबरचं चिन्ह आणि ६०. एक जागा सोडून टक्क्याचं चिन्ह, लहान अक्षरांत कमांड, पुन्हा टक्क्याचं चिन्ह. याने त्या गेमपुरता साठा ६० मिलिसेकंदांचा मागितला जातो. तडतड थांबली तर ४० करून पाहा. उगाच २०० करू नका, गोळी सुटल्यावर आवाज मागून येईल.

हेडफोन ब्लूटूथचा असेल तर?

गेम चालू असतो, आवाज झकास असतो, आणि डिस्कॉर्डवर मित्राशी बोलायला माइक चालू केला की सगळं जुन्या टेलिफोनसारखं ऐकू यायला लागतं. हा लिनक्सचा दोष नाही, विंडोजवरही हे घडत आलं आहे. नेहमीच्या ब्लूटूथमध्ये चांगल्या आवाजाची पद्धत एकतर्फी आहे. माइक हवा असेल तर हेडफोन दुतर्फा बोलण्याच्या पद्धतीत जातो आणि तिथे आवाजाला जागा फार कमी. व्हॉल्यूम कंट्रोलच्या 'कॉन्फिगरेशन'मध्ये दोन्ही पद्धती नावानिशी दिसतात, तिथून हाताने बदलता येतात. पण एका वेळी एकच.

यावर सेटिंग शोधत बसू नये. ब्लूटूथ हेडफोन ऐकण्यापुरता ठेवावा आणि इनपुटमध्ये लॅपटॉपचा स्वतःचा माइक किंवा साधा यूएसबी माइक निवडावा. गेममध्ये गोळी आणि तिचा आवाज यांत अंतर नको असेल तर वायरवाला हेडफोनच घ्या. ब्लूटूथचा उशीर बफर कमी करून जात नाही, तो वाटेतच लागतो.